मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून जुने गोल्फ क्लब घ्यावेत का?

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागणारी मुदत ठेव मोडून तुम्ही लाकडी दांड्यांच्या चौदा जुन्या गोल्फ क्लबांचा, म्हणजे गोल्फ खेळायच्या काठ्यांचा, संच घेऊ पाहताय. विकणारे म्हणतात, सगळे स्कॉटलंडचे, शंभर वर्षांपूर्वीचे, आणि निर्णय आठवड्याभरात हवा. माझं उत्तर आधीच सांगतो : ठेव मोडू नका. क्लबांचा विचार मात्र लगेच सोडू नका, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एकाने मलाही थांबवलं.

आधी वयाबद्दल. त्या काळी गोल्फचे नियम ठरवणाऱ्या, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट संस्थेने पोलादी दांड्याला १९२९ साली मान्यता दिली. तोवर तिच्या नियमांत लाकडी दांडाच चाले, बहुधा हिकरी नावाच्या झाडाचा, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत कारखान्यांनी असे क्लब भरमसाट बनवले. त्यामुळे शंभर वर्षांचा हिकरी क्लब जुना असतो, दुर्मीळ असेलच असं नाही. तुमच्या आठ आयर्नांच्या (लोखंडी डोक्याच्या क्लबांच्या) तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, ठिपके किंवा रेघा ठोकलेल्या दिसतात. हे बहुतेक त्याच काळातले. आणखी जुन्या आयर्नांचं तोंड सपाट, कोरं असे.

एका आयर्नच्या पाठीवर चिलमीसारखा ठसा आहे. तो सेंट अँड्र्यूजचा क्लब घडवणारा कारागीर टॉम स्ट्युअर्ट याचा. प्रसिद्ध गोल्फपटू बॉबी जोन्सच्या संचात स्ट्युअर्टचे आयर्न होते हे विकणाऱ्याने सांगितलं ते खरंच आहे. पण स्ट्युअर्टने घडवलेली डोकी कितीतरी दुकानदार आणि व्यावसायिक खेळाडू नेत आणि त्यांवर स्वतःचं नाव ठोकून विकत. आयर्नवरचं ठळक नाव पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्याचं नसतं. ठसा खरा, माल चांगला, तरीही भाव बेताचाच, असं इथे सर्रास होतं.

पिवळसर दांड्याच्या पटरच्या (चेंडू हळूच भोकात ढकलायच्या क्लबच्या) दांड्याला लोहचुंबक लावून बघा. १९३०च्या दशकात लाकडासारखं दिसावं म्हणून पोलादी दांड्यांवर पिवळा मुलामा चढवत. चिकटला, तर तो हिकरी नाही.

आता तो सहावा फोटो. लांब, निमुळत्या नाकाचा लाकडी क्लब. दांडा डोक्यात भोक पाडून बसवलेला नाही. दोन्ही तिरके कापून जोडलेत आणि सांध्यावर दोरा गुंडाळलाय. मागे शिसं ओतलेलं दिसतं, तळाच्या पुढच्या कडेला शिंगाची पट्टी आहे. ही घडण एकोणिसाव्या शतकातली असू शकते. या काळातल्या क्लब घडवणाऱ्यांत मोठं नाव ह्यू फिल्पचं (१७८२–१८५६), आणि त्याच्या नावाचे खोटे ठसेही फिरतात. म्हणून ठसा वाचून हुरळून जाऊ नका. ठशाच्या कडा, लाकडाची झीज आणि दोऱ्याचं वय एकमेकांशी जुळतंय का, हे अशा क्लबांचं मूल्यांकन नेहमी करणाऱ्या माणसाकडून प्रत्यक्ष बघून घ्या. त्याची फी तुमच्या खिशातून गेली तरी चालेल. फक्त तो स्वतः खरेदीदार किंवा विकणाऱ्याचा माणूस नसावा.

२००७ साली न्यूयॉर्कच्या सदबीजच्या लिलावात अँड्र्यू डिक्सन या जुन्या कारागिराचा लांब नाकाचा पटर १,८१,००० डॉलरला गेला. ती बातमी तुम्हीही वाचली असेल. अशा बातम्यांतून बाजाराचं शिखर तेवढं कळतं. साधा हिशेब करा. लिलावात बोली १०० वर थांबली आणि खरेदीदाराचं शुल्क २५ टक्के असलं, तर तुमचे १२५ गेले. पुढे विकताना १० टक्के दलाली कापली जाणार असेल, तर ते १२५ परत मिळायलाच बोली १३९ च्या आसपास जायला हवी. मधल्या काळात क्लब व्याज देत नाही. शिवाय त्याला कोरडी, फार उष्ण नसलेली जागा आणि विमा लागतो. मुलीचं प्रवेशशुल्क भरायच्या आठवड्यात गिऱ्हाईक मिळेलच, याची हमी कोण देणार? ठेवीची तारीख मात्र आजच ठरलेली आहे.

आवडीसाठी पैसे घालायला माझी मुळीच ना नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि शिक्षणाची रक्कम जागच्या जागी असेल, तर वर्षाच्या बचतीतला लहानसा भाग, जो पूर्ण बुडाला तरी झोप उडणार नाही एवढाच, यात घाला. आणि पूर्ण संच कशाला? तेरा साध्या क्लबांचे पैसे मोजून चौदावा मिळवण्यापेक्षा तो लांब नाकाचा एकच मागा. विकणारे एकटा द्यायला तयार नसतील, तर त्यांनी संचाची किंमत कशाच्या आधारे लावली हे लेखी मागवा.

आणि विकत घेतलात, तर कृपा करून पॉलिश करू नका. तारेच्या ब्रशने चकाकवलेलं डोकं आणि नवीन वॉर्निश मारलेला दांडा संग्राहक नको म्हणतात. जुना काळसर थर आणि मूळ ग्रिप (हाताने धरायची मूठ) तशीच राहू द्या.

आज विकणाऱ्याला एवढंच लिहा : सहाव्या फोटोतल्या क्लबाच्या डोक्याचा वरून आणि तळाकडून, सांध्याचा आणि ग्रिपखालच्या दांड्याचा असे चार स्पष्ट फोटो पाठवा, आणि हा क्लब घरात कोणाकडून आला ते दोन ओळींत कळवा. आठवड्याची मुदत त्यांची आहे, तुमची नाही. उत्तर आलं की मला पाठवा.