पाखरांचा दवाखाना : पिल्लू स्वतः दाणे टिपतं का, ते आधी बघा

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी आठवीत आहे. पोपट हवा म्हणून तिने वर्षभर हट्ट धरला आणि आता आम्ही हो म्हटलं आहे. आपला हिरवा पोपट पाळायला बंदी आहे हे माहीत असल्यामुळे सन कोनूर हा परदेशी पोपट घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या एका ब्रीडरशी (पक्ष्यांची पैदास करून विकणाऱ्याशी) फोनवर बोलणं झालं. पिल्लू तीन आठवड्यांचं आहे, अर्धे पैसे आधी पाठवा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खोक्यातून पाठवतो, सोबत पावडर आणि सिरिंज देतो, असं तो म्हणतो. मुलीने हाताने भरवलं तर पिल्लू तिलाच आई मानेल, मोठं पिल्लू माणसाळत नाही, असंही त्याने सांगितलं. आमच्या ओळखीत पक्ष्यांचं कुणी जाणकार नाही. ब्रीडर चांगला आहे हे ओळखायचं कसं? आणि कोनूर बोलतो ना?
– एक आई, मिरज

उत्तर : पैसे अजून पाठवले नसतील तर पाठवू नका. त्याऐवजी त्या माणसाला फोन करून एवढंच सांगा, की पिल्लू स्वतःचं स्वतः खायला लागेपर्यंत तुमच्याकडेच राहू दे, वाटल्यास त्याचे जास्त पैसे घ्या, मग आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ. यावर तो काय म्हणतो ते नीट ऐका. चांगला ब्रीडर लगेच हो म्हणेल. खरं तर त्याने तीन आठवड्यांचं पिल्लू तुम्हाला देऊच केलं नसतं.

मी या एका गोष्टीवर इतका जोर का देते ते सांगते. तीन आठवड्यांच्या कोनूरच्या अंगावर धड पिसं नसतात, नळ्यांसारखे काटे फुटत असतात. अंगाची ऊब त्याला स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. गळ्याच्या खाली, छातीच्या वर त्याला अन्नाची एक पिशवी असते. भरवलं की ती फुगते, आणि वरची कातडी इतकी पातळ असते की आतली पेज बाहेरून दिसते. ही पेज साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअस गरम असावी लागते. गार भरवली तर पिशवी रिकामी होत नाही आणि आतलं अन्न आंबतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करून नीट ढवळली नाही तर एखादाच घास जास्त गरम राहतो आणि पिशवी आतून भाजते. त्या दिवशी काहीच दिसत नाही. काही दिवसांनी तिथे खपली धरते, खपली पडली की भोक उरतं, आणि भरवलेलं सगळं छातीवरून ओघळायला लागतं. अशी पिल्लं घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि ‘कालपर्यंत अगदी बरं होतं’ म्हणतात. ती खोटं बोलत नसतात. घाईत भरवताना पेज श्वासनलिकेत गेली तर मात्र माझ्यापर्यंत येण्याइतकाही वेळ मिळत नाही.

हे काम आठवीतल्या मुलीकडे सोपवू नका. शाळा, क्लास सांभाळून दर चार-पाच तासांनी भरवणं तिला जमायचं नाही, आणि पिल्लू तिच्या हातात दगावलं तर तो दोष ती स्वतःकडे घेईल. तो तिचा नसेल.

मग ब्रीडर इतक्या लहानपणी पिल्लू का विकतात? कारण पुढचे पाच-सहा आठवडे फार मेहनतीचे असतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत भरवायचं, ब्रूडरची, म्हणजे पिल्लं ठेवायच्या उबदार पेटीची, ऊब सांभाळायची, वजनं घ्यायची. पिल्लं सर्वात जास्त दगावतात तीही याच काळात. लवकर विकलं की मेहनतही तुमची आणि नुकसानही तुमचं. ‘तिलाच आई मानेल’ हे त्यावरचं गोड वेष्टन आहे. ज्या पिल्लाला ब्रीडरने रोज हातात घेतलं, माणसांच्या आवाजात वाढवलं, ते नऊ-दहा आठवड्यांचं होऊन आलं तरी छान माणसाळतं. आईबापांनी भरवलेलं पण रोज हाताळलेलं पिल्लूसुद्धा माणसाळतं. कॉकाटेल (तुरा असलेला छोटा परदेशी पोपट) आणि सन कोनूर साधारण आठ ते दहा आठवड्यांत स्वतः खायला लागतात. त्यातही एखादं रेंगाळतं, आणि चांगला ब्रीडर त्याच्यासाठी थांबतो.

‘खातंय हो’ या शब्दावर विसंबू नका. सकाळी जा आणि तास-दोन तास तिथे बसा. पिल्लू वाटीतलं राळं, मऊ कणसाचे दाणे, मोड आलेली मटकी सोलून गिळतंय की नुसतं चोचीत घोळवून टाकतंय ते बघा. सिरिंज दिसली की मान वरखाली करत रडत असेल तर त्याला अजून वेळ हवा आहे. ग्रॅमचा वजनकाटा कुठे आहे ते विचारा. मन लावून काम करणाऱ्याकडे काटा असतोच, आणि शेजारी एक वही असते. अंडं कधी फुटलं, रोज सकाळी भरवण्याआधी वजन किती भरलं, कोणत्या जोडीचं पिल्लू, हे सगळं तिच्यात असतं. अशी वही कुणी आपणहून उघडून दाखवली तर अर्धी काळजी मिटली समजा.

आईबाप बघायला मागा. एक मात्र लक्षात ठेवा. ब्रीडिंगच्या खोलीत आत येऊ दिलं नाही म्हणून तो माणूस काही लपवतोय असं लगेच धरू नका. परका माणूस आत आला की काही जोड्या अंडी सोडून देतात, आणि दहा ठिकाणी पक्षी बघून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरून रोग येतो. दारातून दाखवलं, मोबाइलवर तिथल्या तिथे शूटिंग करून दाखवलं तरी चालेल. पण पिल्लू रस्त्यावर, पेट्रोल पंपावर, ‘मित्राच्या घरी’ देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

जोडीला वर्षातून किती वेळा अंड्यांवर बसवता, हेही विचारा. दोनदा, मग अंडी घालायचा बॉक्स काढून ठेवतो, हे उत्तर मला आवडतं. वर्षभर बॉक्स लावूनच ठेवलेल्या माद्यांच्या अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं आत अडकतं आणि मादी जाते. पिंजऱ्याला कॅल्शियमसाठी समुद्रफेस लावलेला आहे का, पाण्याच्या वाट्या बुळबुळीत आहेत का, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी ठेवलेत का, हे डोळ्यांनी दिसतं. बाहेरून आणलेला नवा पक्षी महिनाभर तरी वेगळा ठेवता का, हा प्रश्न आवर्जून विचारा. पोपटांच्या चोच-पिसांच्या विषाणूजन्य रोगावर औषध नाही. तो पिसाच्या किंवा रक्ताच्या पीसीआर तपासणीत कळतो. नर-मादीचा डीएनए रिपोर्ट बहुतेक ब्रीडर देतात, या रोगाचा रिपोर्ट फार थोडे देतात. जो देतो त्याच्याकडे दोन पैसे जास्त मोजा.

पिल्लाच्या पायात बंद रिंग असावी. जोड नसलेली ही अखंड कडी पिल्लू साधारण दीड-दोन आठवड्यांचं असताना सरकवावी लागते, मोठ्या पक्ष्याच्या पंज्यातून ती जात नाही. म्हणून ती असली की पक्षी पिंजऱ्यात जन्मलाय याला काहीतरी आधार मिळतो. रिंगवरचा नंबर, जात, जन्मतारीख आणि ब्रीडरचं नाव-पत्ता पावतीवर लिहून घ्या.

आता कायद्याचं. सन कोनूर परदेशी असला तरी ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिच्यामुळे असे परदेशी पक्षीही कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आला की ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. विक्री आणि पिल्लांचा जन्मही कळवायचा असतो. म्हणजे तुमच्या ब्रीडरकडे आईबापांची नोंद असायला हवी. तिची प्रत मागा. ‘त्याची काही गरज नसते’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, कारण पुढे उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. बजी (ज्यांना आपल्याकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात) आणि कॉकाटेल हे साइट्सच्या यादीत नाहीत, त्यांना ही नोंदणी लागत नाही.

बोलण्याबद्दल स्पष्ट सांगते. कोनूर फार तर दोन-चार शब्द शिकतो. ओरडतो मात्र भरपूर, आणि तो आवाज सकाळ-संध्याकाळ सगळ्या मजल्यांवर जातो. तुम्ही फ्लॅटमध्ये असाल तर शेजाऱ्यांचा विचार आधी करा. माझा सल्ला विचाराल तर पहिला पक्षी म्हणून स्वतः खाणारा कॉकाटेल घ्या. नर शीळ घालायला सुरेख शिकतो, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही तो घरात असेल, आणि तेव्हा त्याचं करणार तुम्ही आहात. हे गृहीत धरूनच हो म्हणा.

ब्रीडर शोधायचा तर जाहिरातीतून शोधू नका. पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा, कुणाकडचे पक्षी धडधाकट येतात हे आम्हाला माहीत असतं. सांगली-कोल्हापुरात कुणी सापडलं नाही तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ज्यांच्या घरी आधीच पक्षी आहे त्यांना तो कुठून आणला यापेक्षा, आणल्यानंतर आजारी पडला तेव्हा ब्रीडरने फोन उचलला का, हे विचारा. आणि भेटीत ब्रीडरने तुम्हालाच उलट प्रश्न केले, घरात मांजर आहे का, दिवसभर कोण असतं, नॉनस्टिक तवे वापरता का (तवा जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो), तर कंटाळू नका. तोच माणूस तुम्हाला हवा आहे.

प्रश्न : ओळखीतल्या एकाकडे आफ्रिकन ग्रेचं (राखाडी पोपटाचं) पिल्लू आहे. कागद नाहीत म्हणून स्वस्तात देतो म्हणतो. कागद नंतर करता येतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आफ्रिकन ग्रे २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत साइट्सच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक परिशिष्टात गेला. रानातून पकडून पकडून आफ्रिकेतले त्यांचे थवे ओस पडले, म्हणून. आपल्याकडे त्याची पैदास करायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. परवाना नसलेल्याकडून घेतलेल्या पिल्लाचे कागद तुम्ही कुठून उभे करणार? शिवाय हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो आणि एकटा पडला की स्वतःची पिसं उपटतो. तुम्ही दिवसभर कामावर असाल तर कागदांसकट पक्षी मिळत असला तरी घेऊ नका.

प्रश्न : आजोबांनी आठवडी बाजारातून आणलेला हिरवा पोपट बरीच वर्षं घरी आहे. आता आजोबा नाहीत. कारवाई होते असं ऐकलं. त्याला सोडून देऊ का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पिंजरा उघडून सोडू नका. इतकी वर्षं पिंजऱ्यात काढलेल्या पोपटाला लांब उडण्याची ताकद नसते, खाणं शोधता येत नाही, घार-कावळ्यांचा धोका कळत नाही. एक-दोन दिवसांत तो मरेल.

कंठवाला हिरवा पोपट, मोठा पहाडी पोपट, लाल-जांभळ्या डोक्याचा तुईया, आपल्याकडचे सगळेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पाळणं, विकणं, विकत घेणं तिन्ही गुन्हे आहेत, आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘पिंजऱ्यात जन्मलेला आहे’ म्हणून विकणाऱ्याचं बोलणं मानू नका. बाजारात येणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, आणि बाजारापर्यंत पोचण्याआधीच त्यातली कितीतरी मरतात.

वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. आजोबांनी केव्हा आणला ते खरं खरं सांगा आणि पोपट आम्हाला तुमच्या ताब्यात द्यायचा आहे म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आपणहून आलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतात असा माझा अनुभव आहे. तिथून पोपट उपचार केंद्रात जातो. उडता येण्याजोगा झाला तर थव्यात सोडतात, नाही तर तिथेच सांभाळतात. नेईपर्यंत त्याला पेरू, शेवग्याचा पाला, ढोबळी मिरची, भिजवलेले हरभरे द्या. इतकी वर्षं चहा-पोळी खात असेल तर ते एकदम तोडू नका, तीन-चार दिवसांत कमी करत आणा, आणि काय खातो ते चिठ्ठीवर लिहून पिंजऱ्यासोबत द्या. केंद्रातल्या माणसांना त्याचा फार उपयोग होतो.