‘काहीही येणे राहिलेले नाही’ या वाक्याखाली सही करण्यापूर्वी

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीची आमची एक संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. खरेदीखतावर चार दिवसांनी सह्या व्हायच्या आहेत, विक्रेत्या दांपत्याला आणखी तीन आठवडे त्याच घरात राहायचे आहे, त्या बदल्यात ते भिंतीतली कपाटे ठेवून जाणार आहेत आणि न्हाणीघराची गळती दुरुस्त करून देणार आहेत, आणि या सगळ्याचा पुरावा म्हणून तुमच्याकडे ‘फोनवर ठरल्याप्रमाणे’ एवढाच संदेश आहे. तो पुरेसा आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते तो पुरेसा नाही. मी वकील नाही आणि प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा असतो, त्यामुळे पुढे लिहिलेले एका खरेदीदाराचा अनुभव म्हणून वाचावे आणि सही करण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाला दाखवावे. मालकी हक्काचा शोध, बोजा, थकबाकी हे सर्व तुम्ही पाहिलेच असेल असे धरून चालतो.

आम्ही सह्यांच्या आदल्या दिवशी घर शेवटचे पाहायला गेलो, तेव्हा विक्रेत्यांनी मोठा पलंग हलवलेला होता आणि त्यामागची भिंत जमिनीपासून कंबरेपर्यंत ओलीने काळवंडलेली होती. मी बोट लावले तर रंगाचा पापुद्रा हातात आला आणि आतला गिलावा मऊ लागला. घर दोन भावांच्या नावावर होते. त्यापैकी थोरले तिथे हजर होते आणि त्यांनी मनापासून सांगितले की महिन्याभरात भिंत दुरुस्त करून देतो, खर्च आमचा. आम्ही तेवढ्यावर विसंबलो नाही. वहीच्या कागदावर ‘भिंतीची दुरुस्ती विक्रेते स्वखर्चाने करून देतील’ असे लिहून घेतले आणि खाली त्यांची सही घेतली. त्या रात्री आम्हाला वाटले की आपण पुरेशी काळजी घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रे तयार करणाऱ्या कार्यालयात तो कागद दाखवून मी विनंती केली की हे कलम खरेदीखतात घालावे. तिथल्या माणसाने कागद हातात न घेताच सांगितले की मसुदा अंतिम झाला आहे, आता बदल केला तर तारीख पुढे जाईल, आणि असले किरकोळ विषय आपसांत मिटवायचे असतात. बँकेचे पैसे त्याच दिवशी यायचे होते, सामानाचा ट्रक ठरलेला होता, सगळे ताटकळत बसले होते. मी गप्प बसलो. खरेदीखताच्या शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य होते: खरेदीदारांनी मालमत्ता आहे त्या स्थितीत पाहून व तपासून ताब्यात घेतली असून या व्यवहारापोटी उभयपक्षी कोणाचेही काहीही येणे राहिलेले नाही. मी ते वाचले होते. प्रत्येक खरेदीखतात असते तसे ठरावीक वाक्य समजून मी त्याखाली सही केली, आणि आमची सर्वांत महागडी चूक तीच ठरली.

महिना उलटला तरी कोणी फिरकले नाही. मग धाकट्या भावाने कळवले की त्या कागदावर त्याची सही नाही आणि खरेदीखतात दुरुस्तीचा उल्लेख नाही. आम्ही वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि फक्त तारखांवर बोट ठेवले: वहीचा कागद आदल्या दिवसाचा, आणि त्यानंतरच्या दस्तात आम्हीच सही करून सांगितले होते की आता काही बाकी नाही. भिंतीतला पाण्याचा पाइप शेवटी आम्ही आमच्या खर्चाने बदलला, त्यासाठी अर्ध्या खोलीची फरशी उखडावी लागली. दोन्ही पक्षांकडून शुल्क घेणाऱ्या कार्यालयाने एक परिच्छेद वाढवण्यासाठी दहा मिनिटे दिली असती तर हे टळले असते, आणि त्याचा राग मला आजही आहे.

लेखी कराराला तोंडी बोलण्यापेक्षा जास्त वजन असते हे तत्त्व फार जुने आहे. जमिनीच्या विक्रीचा करार लेखी आणि सही केलेला असावा, असा कायदा इंग्लंडमध्ये १६७७ साली झाला. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ नुसार लेखी करारातील अटींना छेद देणारा किंवा त्यांत भर घालणारा तोंडी पुरावा सर्वसाधारणपणे चालत नाही, आणि त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली तरी हे तत्त्व कायम आहे. फसवणूक वगैरे अपवाद आहेत, परंतु ते सिद्ध करण्यात वर्षे जातात.

म्हणून माझा आग्रह असा आहे की तुम्ही स्वतंत्र पुरवणी करार करावा आणि खरेदीखतात एक वाक्य घालून घ्यावे की अमुक तारखेच्या पुरवणी करारातील जबाबदाऱ्या ताबा दिल्यानंतरही कायम राहतील. हे वाक्य नसेल तर पुरवणी करार कितीही चांगला लिहिला तरी तो ‘काहीही येणे राहिलेले नाही’ या वाक्यासमोर लंगडा पडतो. पुरवणी करारात मूळ कराराची तारीख आणि कोणते कलम बदलते आहे ते लिहावे, बाकीची कलमे पूर्ववत राहतील असेही लिहावे, आणि मालकी हक्कात ज्यांची ज्यांची नावे आहेत त्या सर्वांच्या सह्या घ्याव्यात. तुमच्या बाबतीत पती आणि पत्नी दोघांच्याही.

‘गळती दुरुस्त करून देणे’ हे शब्द मात्र मुळीच वापरू नयेत. कोणत्या भिंतीची, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि दुरुस्ती झाली हे कोण ठरवणार, हे लिहावे. त्याहूनही बरे म्हणजे कारागिराकडून लेखी अंदाज घेऊन त्याच्या सव्वा ते दीडपट रक्कम दोघांच्या विश्वासातल्या त्रयस्थाकडे, शक्यतो वकिलाकडे, राखून ठेवावी आणि मुदतीत काम झाले नाही तर ती तुम्हाला मिळेल असे स्पष्ट लिहावे. विक्रेत्याला हा अविश्वास वाटू शकतो. मला तसे वाटत नाही, कारण काम केल्यावर त्याची रक्कमही तितक्याच खात्रीने सुटते. किंमतच कमी करायची ठरली तर कर्ज देणाऱ्या बँकेला आधी लेखी कळवावे, कारण कर्जाचा हिशेब किमतीवर असतो आणि मागाहून कळलेला बदल लपवल्यासारखा दिसतो.

मला सर्वांत जास्त काळजी त्या तीन आठवड्यांची वाटते. मालक म्हणून राहणारा माणूस सही झाल्यावर कोणत्या नात्याने राहतो, हे लिहिले नाही तर तो भाडेकरू असल्याचा वाद उभा राहू शकतो. हे वास्तव्य तात्पुरत्या परवानगीचे आहे, त्यातून भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही, घर सोडण्याची तारीख आणि वेळ अमुक, त्यानंतर प्रत्येक दिवसाला अमुक रक्कम, आणि त्यासाठी एवढी अनामत, असे वकिलाकडून लिहून घ्यावे. त्या काळात नळ फुटला किंवा आग लागली तर जबाबदारी कोणाची आणि घराचा विमा कोणाच्या नावावर, हेही विसरू नये.

कपाटांचे छायाचित्र काढून ते परिशिष्ट म्हणून जोडावे आणि त्यावरही सह्या घ्याव्यात. गीझर किंवा पंखे ठरले असतील तर त्यांचे क्रमांक लिहावेत. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे घर रिकामे होईल त्या दिवशी दोघांसमोर टिपावेत आणि किल्ल्या मोजून घ्याव्यात.

आज रात्रीच त्या फोनवरील बोलण्याचा सविस्तर गोषवारा दोघा विक्रेत्यांना पाठवून ‘हे बरोबर आहे का’ असे विचारावे. त्यांचे उत्तर आले की मसुद्याला आधार मिळतो, आणि कोणाची समजूत वेगळी असेल तर ती सहीच्या टेबलावर नव्हे, आजच कळते. उद्या सकाळी मसुदा वकिलाकडे द्यावा. कार्यालय म्हणाले की आता बदल होणार नाही, तर सह्यांची तारीख पुढे ढकलावी.