फँटसी हॉकीच्या संघासाठी दुर्लक्षित खेळाडू कसे शोधावेत?

फँटसी हॉकीत प्रत्येकजण खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बनवतो आणि त्यांच्या प्रत्यक्ष सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवतो. आपण विचारले आहे की बारा संघांच्या लीगमध्ये ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडूंची निवड) होऊन नावाजलेले सगळे खेळाडू वाटले गेल्यावर उरलेल्यांमधून कामाचा खेळाडू कसा ओळखावा, आणि त्याला जागा करून देण्यासाठी कोणाला सोडावे. आपली लीग एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांवर चालते असे धरून मी उत्तर देत आहे. माझे मत प्रथम सांगतो: खेळाडूच्या खात्यावर किती गुण जमा झाले हे पाहण्याआधी त्याला खेळण्याची संधी किती आणि कोणत्या प्रकारची मिळते आहे हे पाहावे. गुण दिसू लागले की ते लीगमधल्या सर्वांनाच दिसतात आणि तो खेळाडू त्याच रात्री कोणीतरी उचलतो. संधी मात्र गुणांच्या एक-दोन आठवडे आधी दिसते आणि ती पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

संधी मोजण्याचे सर्वांत भरवशाचे माप म्हणजे बर्फावरची मिनिटे, आणि त्यातही पॉवर प्लेची मिनिटे. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू साध्या शिक्षेसाठी दोन मिनिटे बाहेर बसतो, तो काळ म्हणजे पॉवर प्ले; तेव्हा बहुतेक प्रशिक्षक आपली पाच जणांची पहिली तुकडी त्यांतला निम्म्याहून अधिक वेळ खेळवतात आणि दुसऱ्या तुकडीच्या वाट्याला उरलेसुरले सेकंद येतात. त्यामुळे दुसऱ्या तुकडीतून पहिल्या तुकडीत गेलेला खेळाडू, त्याचे कौशल्य काल होते तेवढेच आज असले तरी, फँटसीच्या दृष्टीने वेगळाच खेळाडू होतो. बचावपटूंच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण पहिल्या तुकडीत बहुधा एकच बचावपटू असतो.

तेव्हा फ्लोरिडाकडून खेळणाऱ्या बचावपटू ब्रँडन माँटूरचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. 2021-22 च्या हंगामात त्याचे 37 गुण होते (येथे गुण म्हणजे गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलाला मदत करणारे पास, यांची बेरीज). 2022-23 मध्ये ते 73 झाले. मधल्या उन्हाळ्यात फ्लोरिडाने मॅथ्यू कचक याला आणण्यासाठी जोनाथन ह्यूबरडो याच्यासह मॅकेन्झी वीगर हा महत्त्वाचा बचावपटू कॅल्गरीला दिला होता आणि हंगामाच्या आरंभीच आरोन एकब्लाड जखमी झाला. आक्रमणात सर्वाधिक सहभागी होणारे दोन बचावपटू असे एकापाठोपाठ दूर झाल्यावर त्यांची मिनिटे आणि पॉवर प्लेवरची जागा कोणाकडे जाणार, एवढा एकच प्रश्न विचारणाऱ्याला माँटूर दिसला असता. म्हणून दुखापतीची बातमी वाचताना जखमी कोण झाला याइतकेच त्याची मिनिटे कोणाला मिळणार हे शोधावे.

संधीचा दुसरा भाग म्हणजे लाइनमधले, म्हणजे आघाडीच्या फळीत एकत्र खेळणाऱ्या तिघांच्या तुकडीतले, साथीदार. कार्टर व्हेरहेगी 2019-20 मध्ये टँपा बे या बलाढ्य संघात खालच्या लाइनवर खेळत होता आणि 52 सामन्यांत त्याचे 13 गुण होते. त्यानंतर तो फ्लोरिडाकडे गेला, अलेक्झांडर बार्कोवच्या बाजूला खेळू लागला आणि 43 सामन्यांत त्याने 36 गुण मिळवले. झॅक हायमन टोरंटोत असताना त्याचा एका हंगामातील उच्चांक 21 गोलांचा होता. एडमंटनमध्ये कॉनर मॅकडेव्हिडच्या साथीने 2023-24 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने 54 गोल केले. तेव्हा एखाद्या मोठ्या खेळाडूच्या लाइनवर तिसरा कोण आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. डेली फेसऑफसारख्या संकेतस्थळांवर लाइनची मांडणी रोज मिळते. मात्र सरावातल्या एका दिवसाच्या मांडणीवर विसंबू नये, कारण प्रशिक्षक सामन्याच्या मध्यावरही लाइन मोडतात. नवी मांडणी सलग दोन-तीन सामने टिकली आणि त्या खेळाडूची मिनिटेही वाढली, तरच तो बदल खरा मानावा.

आता शॉटकडे वळतो, कारण बहुतेक लोक येथेच फसतात. आघाडीच्या फळीत (फॉरवर्ड) खेळणाऱ्यांचे साधारण शंभरांतले अकरा-बारा शॉट गोलात जातात आणि बचावपटूंचे पाच-सहा. काही खेळाडू खरोखरच याहून चांगले नेमबाज असतात, पण अशा खेळाडूचे प्रमाणही त्याच्या स्वतःच्या मागील तीन-चार हंगामांच्या सरासरीकडे परत येते. त्यामुळे आठ-दहा सामन्यांत पाच-सहा गोल केलेला, पण सामन्यागणिक जेमतेम एक शॉट मारणारा खेळाडू मी सहसा घेत नाही. उलट, सामन्याला तीन-चार शॉट मारणारा, पॉवर प्लेच्या पहिल्या तुकडीत असणारा, पण गेल्या दोन आठवड्यांत एकच गोल झालेला खेळाडू कोणी सोडून दिला असेल तर तो विनाविलंब घ्यावा. त्याने करायचे ते काम तो करतोच आहे.

विल्यम कार्लसनच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळतात, आणि मला तो या विषयातला सर्वांत बोलका खेळाडू वाटतो. कोलंबसमध्ये 2016-17 साली त्याने सहा गोल केले. 2017 च्या उन्हाळ्यात वेगास हा नवा संघ लीगमध्ये आला, त्याने कार्लसनला निवडले आणि त्याला पहिल्या लाइनवर जोनाथन मार्शेसो व राइली स्मिथ यांच्यासोबत खेळवले. त्या हंगामात त्याचे 43 गोल झाले. ज्याने हंगामाच्या आरंभी, ऑक्टोबरमध्येच त्याची वाढलेली मिनिटे पाहून त्याला उचलले, त्याचा निर्णय योग्यच होता. पण ते 43 गोल 184 शॉटमधून आले होते, म्हणजे प्रमाण 23 टक्क्यांहून अधिक होते आणि ते टिकण्यासारखे नव्हते. पुढच्या वर्षी तीच लाइन असताना त्याचे गोल 24 वर आले. पहिल्या वर्षी त्याला घेण्याचे आणि दुसऱ्या वर्षी ड्राफ्टमध्ये त्याच्यासाठी फार वरची पाळी न घालवण्याचे, अशी दोन्ही कारणे त्याच आकडेवारीत होती. हेच तपासण्यासाठी खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संपूर्ण संघाचे किती टक्के शॉट गोलात जातात हेही पाहावे. ते प्रमाण अवास्तव उंच असेल तर त्याचे असिस्टही पुढे घटण्याची शक्यता असते. नॅचरल स्टॅट ट्रिक आणि मनीपक येथे हे आकडे विनामूल्य मिळतात.

यापुढचा शोध आपल्या लीगच्या नियमांवर अवलंबून आहे. हिट (प्रतिस्पर्ध्याला अंगाने दिलेली धडक) आणि ब्लॉक (अडवलेला शॉट) मोजले जात असतील तर गुणांच्या यादीत खाली असणारे अनेक खेळाडू एकाएकी मोलाचे होतात. कीफर शेरवुडने 2024-25 मध्ये व्हँकुव्हरकडून 462 हिट करून एका हंगामाचा विक्रम केला आणि सोबत 19 गोलही केले. हिट मोजणाऱ्या लीगमध्ये असा खेळाडू कित्येक नामवंतांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो, तर केवळ गोल व असिस्ट मोजणाऱ्या लीगमध्ये त्याची गरज नसते. या दोन विभागांचा एक गुण असा की ते आठवड्यागणिक फारसे चढउतार दाखवत नाहीत. हिट कशाला म्हणायचे हे प्रत्येक मैदानावरचे नोंदणी करणारे लोक ठरवतात आणि काही ठिकाणी ती नोंद सढळ हाताने होते, एवढे ध्यानात असू द्यावे.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात सांगतो. एनएचएलचे बरेचसे सामने मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी होतात. त्या रात्री आपला संघ भरलेला असतो आणि नवा खेळाडू बाकावरच, म्हणजे गुण न मोजल्या जाणाऱ्या राखीव जागेत, बसतो. म्हणून दोन खेळाडू तुल्यबळ वाटले तर ज्याचे सामने सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा रविवारी अधिक आहेत तो घ्यावा, आणि सेंटर (मधला) व विंगर (कडेचा) अशा दोन्ही जागांवर चालणाऱ्याला झुकते माप द्यावे.

गोलरक्षकांचे गणित निराळे आहे. तेथे एका संघात एकच जागा असते आणि ती कधी रिकामी होईल हे आकड्यांपेक्षा परिस्थितीवरून अधिक कळते. सेंट लुईसचा संघ 3 जानेवारी 2019 रोजी संपूर्ण लीगमध्ये तळाला होता, नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलला गेला होता आणि मुख्य गोलरक्षक जेक ॲलन याची कामगिरी खालावली होती. 7 जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टनला सुरुवातीपासून खेळण्याची पहिली संधी मिळाली, त्याने त्या सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही आणि उरलेल्या हंगामात 24 विजय मिळवले. त्याच वर्षी सेंट लुईसने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपदही जिंकले. मुख्य गोलरक्षक ढासळत असेल आणि संघाला काहीतरी बदलणे भाग असेल, तर दुसऱ्या गोलरक्षकाला पहिला चांगला सामना होण्याआधी बाकावर घेऊन ठेवणे परवडते. संघ चांगला असेल तर लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एका रात्री खेळणारा राखीव गोलरक्षकही एका विजयापुरता घेता येतो.

राहिला प्रश्न कोणाला सोडावे याचा. ड्राफ्टच्या पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत घेतलेला खेळाडू ऑक्टोबरमध्ये थंड आहे म्हणून सोडू नये. त्याची मिनिटे, पॉवर प्लेची जागा आणि शॉट पूर्वीइतके असतील तर थांबावे. यांतल्या दोन गोष्टी घसरल्या असतील तर त्याला सोडण्यापूर्वी त्याच्या नावावर अदलाबदल होते का ते पाहावे. शेवटच्या फेऱ्यांत घेतलेल्या दोन जागा मात्र मी कायमच्या कोणाला देत नाही. ज्याची मिनिटे वाढत आहेत त्याला तेथे आणतो आणि तो पहिल्या तुकडीतून बाहेर पडला की त्याच दिवशी सोडतो.