‘पान्याची’ घनता आणि बारावीचं वर्ष

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही इंदापूरकडच्या गावाहून धायरीला आलो. क्लासमध्ये फळ्यापाशी उत्तर सांगताना तो ‘पान्याची घनता’ म्हणाला आणि कोणीतरी व्हिडिओ काढला. आता बॅचच्या ग्रुपवर त्याचे स्टिकर फिरतात, इन्स्टाग्रामवर त्याच्या नावाचं खोटं खातं आहे. तो महिनाभर क्लासला गेलेला नाही. परवा बहिणीला म्हणाला, ‘मी नसलो तर क्लासचे पैसे तरी वाचतील.’ मिस्टरांनी मोबाइल काढून घेतला. आर्ट्सला घालून गावाकडच्या कॉलेजात पाठवावं का?
– एक आई, धायरी

उत्तर : ताई, शाखेचं नंतर बघू. बहिणीला तो जे बोलला, ते आधी घेते.

रागात बोलला असेल म्हणून ते सोडून देऊ नका. आज जेवणं झाली की त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. मनात असेल तर बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर ‘आमचं काय होईल’ हे त्या घडीला नको. पैशांचं ओझं त्याने आधीच डोक्यावर घेतलंय. ऐका, त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’ नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हीही लावू शकता. ‘हो’ म्हणाला किंवा गप्पच राहिला, तरी मानसोपचारतज्ज्ञांना लवकरात लवकर दाखवा. ससूनमध्ये तो विभाग आहे. जिवाची भीती वाटली तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.

मोबाइल परत द्या. मिस्टरांचा हेतू चांगला होता, पण मुलाला त्यातून कळलं ते एवढंच : सांगितलं की शिक्षा आपल्यालाच. पुढच्या वेळी तो सांगणार नाही. शिवाय पुरावा त्याच मोबाइलमध्ये आहे. खात्याचं नाव, लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, उत्तर कोणालाही देऊ नका, आणि मगच ते खातं रिपोर्ट करा. हे काम वडिलांनी मुलाशेजारी बसून करावं. स्क्रीनशॉट घेऊन क्लासच्या संचालकांकडे जा. ‘मुलं आहेत, चेष्टा करतात’ असं उत्तर मिळालं तर लेखी तक्रार देऊन पोच घ्या. खोटं खातं, धमकी किंवा ‘मर जा’सारखे मेसेज असतील तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शिवाजीनगरच्या सायबर पोलिस ठाण्यात तक्रार करा. तो अठराच्या आतला असेल तर १०९८ वरही मदत मिळते.

मी बार्शीची. पुण्यात आले तेव्हा माझ्या ‘आनि’वर होस्टेलच्या मेसमध्ये हशा पिकायचा. पण दिवाळीला एसटीत बसलं की ते संपायचं. तुमच्या मुलाच्या तर उशाशीच रात्री दोनला टिंगटिंग वाजतं. म्हणून ‘लक्ष देऊ नको’ हे त्याला लागू पडत नाही. आणि ‘ण’ नीट म्हणायला शिकवणं हा उपायही मला पटत नाही. अर्ध्या महाराष्ट्रात ‘पानी’च म्हणतात, आणि घनता तर त्याने बरोबर सांगितली असणार!

आता शाखा. आत्ता बदलू नका. त्याला गणित नकोसं झालंय की ती वर्गखोली, हे आज त्यालाही सांगता येणार नाही, आणि आपल्याला हाकलून दिलं असंच त्याला वाटेल. क्लास मात्र खुशाल बदला किंवा बंद करा. भरलेल्या फीचा विषय त्याच्यासमोर काढू नका. बोर्डाचा एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा असते, जेईई मेन वर्षातून दोनदा होते, आणि सीईटी पुढच्या वर्षीही देता येते. आर्ट्स त्याला मनापासून हवं असेल तर बारावी सायन्सनंतर बी.ए.लाही प्रवेश मिळतो.

लेकीला सांगा, तू आम्हाला सांगितलंस ते बरं केलंस. दादावर पहारा ठेवायचं काम मात्र तिच्यावर टाकू नका. डॉक्टरांची भेट झाली आणि तो यायला तयार असला, की त्याला माझ्याकडे घेऊन या. मार्कशीट आणू नका.