घरी मासे आणि शिकारीचं मांस टिकवायला कोणतं व्हॅक्यूम सीलर घ्यावं?

किती वॅट, किती बटणं हे नंतर बघा. हे मशीन पिशवीतली हवा ओढून घेतं आणि तापलेल्या पट्टीने तिचं तोंड चिकटवतं. आधी ही सीलची पट्टी बघा: रुंद किंवा दुहेरी हवी. माशाचं पाणी हवेबरोबर तोंडाशी ओढलं जातं आणि ओल्या प्लास्टिकवर सील धरत नाही. वरून घट्ट दिसतं, आठवड्याने पिशवीत हवा शिरलेली! म्हणून हवा थांबवून लगेच सील करणारं बटण आणि धुता येणारा ट्रे हवाच. तरीही तुकडे आधी तास-दोन तास फ्रीझरमध्ये कडक करून घ्या, अर्धी कटकट तिथेच मिटते.

एका दमात वीस-तीस पिशव्या भरायच्या असतील तर पट्टी जास्त न तापता किती वेळ सलग चालते ते विचारा. चेंबरवालं मशीन (अख्खी पिशवी बंद पेटीत ठेवून हवा काढणारं) रस्सासुद्धा सील करतं, पण जड आणि महाग. अधूनमधून लागणार असेल तर कशाला? साध्या मशीनला आतून खडबडीत असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याच लागतात. पिशवी फाटू नये म्हणून हाडाच्या टोकावर जाड कागदाची घडी ठेवा.

आणि हो, सील केलं तरी उणे १८ अंशांतच ठेवा. मासा वितळवताना पिशवी आधी फोडा. बोटुलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे) जंतू हवेविनाच वाढतात, काही तर फ्रिजच्या थंडीतही.