शेजारच्या साताऱ्याला चार मंत्री आणि आमच्या सोलापूरला एकही नाही, असं का?

तुम्ही विचारलंय की २०२४ च्या विधानसभेला जिल्ह्याने भाजपचे पाच आमदार दिले, त्यातले दोघे आधी मंत्रीही होते, तरी मंत्रिमंडळात सोलापूरची पाटी कोरी कशी राहिली.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात डेस्कवर होतो. १५ डिसेंबरला नागपुरात शपथविधी होता. आम्ही पहिल्या पानावर चार कॉलम राखून ठेवले होते, संभाव्य मंत्र्यांचे फोटोही काढून ठेवले होते. दुपारपर्यंत ‘फोन आला का, फोन आला का’ एवढंच चाललं होतं. फोन काही आला नाही. राखलेल्या जागेत शेवटी ‘सोलापूरची झोळी रिकामी’ गेलं. तेव्हा आम्हीही सगळ्यांसारखंच ‘अन्याय’ वगैरे लिहिलं. नंतर शांत डोक्याने आकडे मांडले, तेव्हा लक्षात आलं की जिल्ह्याचा विचार सुरू होण्याआधीच आपला पत्ता कट झाला होता.

आधी एकूण जागा बघा. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्र्यांसकट मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणून ठेवली. त्याआधी धरबंधच नव्हता. उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांच्या १९९७ च्या मंत्रिमंडळात नव्वदहून जास्त मंत्री होते. आपल्याकडे २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. (गोव्यात ४० चे १५ टक्के सहाच भरतात, पण बारापेक्षा कमी मंत्री नसावेत असंही त्याच कलमात आहे, म्हणून तिथे ४० आमदारांत १२ मंत्री चालतात. छोट्या राज्यात आमदार होण्याचा हा एक फायदा!)

आता खरी गोम. महायुतीचे आमदार आले २३०: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीस, शिंदे आणि पवार अशा तिघांनीच शपथ घेतली, आणि नागपुरात ३९ जणांनी: ३३ कॅबिनेट, ६ राज्यमंत्री. एकूण ४२ झाले, एक जागा हातात ठेवली. या ४२ मध्ये भाजपचे २०, शिवसेनेचे १२, राष्ट्रवादीचे १०.

भागून बघा. राष्ट्रवादीला साधारण चार आमदारांमागे एक मंत्री, शिवसेनेला पावणेपाचांमागे, आणि भाजपला साडेसहांहून जास्त आमदारांमागे एक. आमदारांच्या प्रमाणात वाटप झालं असतं तर भाजपच्या वाट्याला चोवीस-पंचवीस मंत्रिपदं आली असती. म्हणजे सगळ्यात मोठा पक्ष, बहुमताला जेमतेम १३ कमी, आणि रांग सगळ्यात लांब त्याच्याच आमदारांची. मित्रपक्षांना जागा सोडल्या आणि त्या बदल्यात गृह, महसूल ही वजनदार खाती स्वतःकडे ठेवली. गृहखात्यासाठी शिवसेना अडून बसली होती, तरी ते फडणवीसांकडेच राहिलं. शिंदेंकडे नगरविकास आणि गृहनिर्माण गेलं, पवारांकडे अर्थ आणि उत्पादन शुल्क. हे खातेवाटप जाहीर व्हायला २१ डिसेंबर उजाडला. निकाल लागला होता २३ नोव्हेंबरला. चार आठवडे!

खाती कमी पडली की ती फोडायची सोयही असते. जलसंपदा दोघांत वाटलं गेलं: गोदावरी आणि कृष्णा खोरं विखे पाटलांकडे, विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजनांकडे. शिक्षणाची तर तीन ताटं मांडली आहेत: शालेय एकाकडे, उच्च व तंत्रशिक्षण दुसऱ्याकडे, वैद्यकीय तिसऱ्याकडे. हा प्रकार जुनाच आहे, या सरकारने शोधलेला नाही.

आता तुमचं सोलापूर. जिल्ह्यात ११ मतदारसंघ. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट आणि पंढरपूर हे पाच भाजपला मिळाले. उरलेले सहा, म्हणजे बार्शी, करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस आणि सांगोला, महायुतीच्या हातून गेले. म्हणजे शिंदेंच्या शिवसेनेचा जिल्ह्यात एक आमदार नाही आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचाही नाही. तीन पक्षांच्या तीन याद्या वेगवेगळ्या बनल्या, त्यांतल्या दोन याद्यांत सोलापूरचं नाव येण्याची शक्यताच नव्हती. उरली भाजपची यादी, जिथे रांग सगळ्यात लांब.

साताऱ्याचं उलटं. तिथल्या आठही जागा महायुतीने घेतल्या आणि त्याही तिन्ही पक्षांत विभागून. त्यामुळे सातारा तिन्ही दारांतून आत शिरला: भाजपकडून शिवेंद्रराजे भोसले आणि जयकुमार गोरे, शिवसेनेकडून शंभूराज देसाई, राष्ट्रवादीकडून मकरंद पाटील. एकनाथ शिंदेंचं मूळ गाव दरेही साताऱ्यातलंच, पण ते निवडून येतात ठाण्यातून, म्हणून तो हिशेब वेगळा. नाशिकला तीन मंत्री मिळाले, ते शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या यादीतून. जिल्ह्याला न्याय द्यायचा म्हणून कुणी नकाशा पुढ्यात घेऊन बसत नाही. प्रत्येक पक्ष आधी आपली माणसं सांभाळतो, त्यात जात, विभाग, जुने आणि नवे हे बघतो, आणि जिल्ह्यांची बेरीज मग जी व्हायची ती होते.

आणि आधी मंत्री असणं ही जमेची बाजू आहे, असं तुम्ही धरलंय. या वेळी ती बहुधा अडचणच ठरली. सुभाष देशमुख २०१४ च्या फडणवीस सरकारात सहकारमंत्री होते, विजयकुमार देशमुख राज्यमंत्री होते. पण २०२४ मध्ये जुन्यांना बसवून नव्यांना आणायचं ठरलेलं दिसतं. सुधीर मुनगंटीवारांसारखा माणूस बाहेर राहिला, शिवसेनेने दीपक केसरकर, तानाजी सावंत आणि अब्दुल सत्तार यांना वगळलं, राष्ट्रवादीने थेट छगन भुजबळांना. मुनगंटीवारांना जिथे जागा झाली नाही, तिथे आपल्या दोघांचं काय घेऊन बसलात? तिकडे अजित पवारांनी शपथविधीच्या दिवशीच मंत्रिपद अडीच-अडीच वर्षं वाटून देण्याची भाषा केली होती. बाहेर राहिलेल्यांना तेवढाच धीर.

पुढे एखादी जागा रिकामी झाली तर ती सोलापूरला मिळेल का, हेही तुम्ही विचारलंय. भुजबळांचंच उदाहरण घ्या. मार्च २०२५ मध्ये धनंजय मुंडेंनी राजीनामा दिला आणि २० मे रोजी भुजबळ मंत्री झाले. राष्ट्रवादीची जागा राष्ट्रवादीतच राहिली, एका ओबीसी नेत्याच्या जागी दुसरा ओबीसी नेता आला, खातंही तेच अन्न व नागरी पुरवठा. त्यामुळे शिवसेनेचा किंवा राष्ट्रवादीचा मंत्री पायउतार झाला म्हणून सोलापुरात फटाके आणून ठेवू नका. भाजपच्या कोट्यातली जागा मोकळी झाली तर आशा धरायला हरकत नाही.

मंत्री नाही म्हणून जिल्ह्याचं फार अडतं का? थोडं अडतं. पण जिल्हा नियोजन समितीचा पैसा पालकमंत्र्याच्या हातात असतो. पालकमंत्री हे पद घटनेत कुठे नाही, तरी त्यासाठी किती ओढाताण होते ते रायगड आणि नाशिकने दाखवलं: १८ जानेवारी २०२५ ला यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना स्थगिती. सोलापूरला त्याच यादीत जयकुमार गोरे मिळाले, ग्रामविकासमंत्री. त्यांचा माण मतदारसंघ साताऱ्यात असला तरी माढा लोकसभेत मोडतो आणि माणची हद्द आपल्या माळशिरसला लागते. साताऱ्याच्या त्या चार मंत्र्यांतला एक असा तुमच्याकडे आला आहे. रस्त्याचं किंवा पाणी योजनेचं काम अडलं असेल तर मुंबईला खेटे घालण्याआधी नियोजन समितीची पुढची बैठक कधी आहे ते बघा आणि निवेदन तिथे द्या.