टोचणार आहे, हे आधी सांगा

‘लस तर द्यायचीच आहे, पण त्याचं रडणं बघवत नाही.’ लहान मुलांच्या आया समुपदेशनाला आल्या की हे हमखास ऐकू येतं. कोथरूडच्या एका आईला तर दुहेरी घोर होता. थोरल्याचा ५ वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि धाकटीचे ६ आठवड्यांचे डोस एकदमच आले होते. थोरला हल्ली रिक्षातही बसेना.

‘गेल्या वर्षी फ्लूच्या लसीला काय सांगून नेलं होतं?’

‘सारसबागेत जाऊ म्हटलं. दवाखान्यात मग तिघांनी आडवं धरलं.’

मुलाला विचारलं, सुई किती दुखली? त्याने चिमटीने ‘एवढीशी’ दाखवलं. थोड्या वेळाने म्हणाला, ‘पण बागेत नेलंच नाही.’

गाठ इथे सुटली. सुईचं दुखणं तो केव्हाच विसरला होता, फसवलं गेल्याचं विसरला नव्हता. अशी भीती समजूत घालून जात नाही, खरं सांगून आणि सराव करून जाते, यावर माझा पक्का विश्वास आहे.

‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य घरातून हद्दपार झालं. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांना टुच करायला सांगेन’ हे आजींनी सोडलं. त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी पाळलं. रोज थोडा सराव ठेवला: आईच्या मांडीवर ताठ बसायचं, तिने कवेत घ्यायचं, दंड सैल सोडायचा आणि लांब फुंकर मारून साबणाचे फुगे काढायचे. आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. आडवं दाबून धरलं की भीती वाढते, आणि भीतीबरोबर दुखणंही. लसीच्या दिवशी सकाळी आईने सांगितलं, ‘आज दंडावर लस आहे. टोचेल, मग थांबेल. मी तुला धरून बसणार.’

तो रडलाच. ‘म्हणजे जमलं नाही ना?’ आईचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, ‘आत कोण घेऊन गेलं त्याला?’ तिने क्षणभर आठवलं. ‘तो स्वतःच चालत गेला.’

बधिर करणारं मलम हवं असेल तर डॉक्टरांना विचारून, नेमक्या जागी, तासभर आधी लावावं. दवाखान्याच्या दारात लावून उपयोग नाही.

धाकटीसाठी सर्वांत मोठा आधार आईचं दूध. रोटाव्हायरसची (जुलाबाच्या विषाणूची) तोंडावाटे लस आधी, मग अंगावर घ्यायचं. बाळ नीट चोखू लागलं की सुया, आणि नंतरही काही मिनिटं पाजत राहायचं. जास्त दुखणारी लस शेवटी द्या, असं सिस्टरना आधीच सांगावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हेच सुचवलं. शिवाय सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त बघण्याची जुनी पद्धतही सोडायला सांगितली, कारण त्यात सुई जास्त वेळ आत राहते. पॅरासिटामॉल आधी पाजून टोचण्याचं दुखणं कमी होत नाही. नंतर ताप आला तरच ते द्यावं, तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेल्या मापात.